नाव ठेवण्याचा अधिकार

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आज निव्वळ पत्ता आहे. रिक्षा तिकडे जाते, टपाल तिकडे पोचते. पण या शब्दामागे एकेकाळी तारेचे कुंपण होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांचे समूहच्या समूह जन्मतः गुन्हेगार ठरवले. 1911 नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही अमलात आला आणि कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा लोकांना सोलापूरच्या वसाहतीत डांबले गेले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, गिरणीत राबायचे. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागचा तर्क. गोऱ्या राज्यकर्त्यांचा वंशविचार आणि आपला जातिविचार यांचे इथे नेमके जुळले. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. सरकारी कागदावरचे ‘गुन्हेगार’ जाऊन ‘विमुक्त’ आले.

आपली भाषा मात्र विमुक्त झाली नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 नावे आहेत आणि त्यांत ‘भामटा’ आहे. जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करणाऱ्या बापाला हा शब्द स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावा लागतो, आणि भामट्यांनी वृद्धेचे दागिने लांबवल्याचे मथळे वर्तमानपत्रांतून नित्य वाचावे लागतात. मथळा लिहिणाऱ्याच्या मनात कोणतीही जमात नसते, हे खरेच. पण दाखला हातात असलेल्या मुलाला ही वाटणी करता येत नाही. त्याचे नाव आणि वर्गातली शिवी एकच असते.

शब्दाची किंमत शब्दकोशात ठरत नाही. तो कोण कोणाला उद्देशून वापरतो आणि त्यामागे कोणती सत्ता उभी आहे, यावर ती ठरते. ‘निग्रो’ हा शब्द पाहा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा त्या अर्पणपत्रिकेत तो अनादराविना आला. मार्टिन ल्यूथर किंग यांनीही 1963 च्या भाषणात तोच वापरला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या नव्या पिढीने गोऱ्यांनी दिलेले हे नाव टाकून ‘ब्लॅक’ हा शब्द अभिमानाने उचलला. 1966 मध्ये अमेरिकेत ब्लॅक पँथर उभी राहिली आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर. त्या चळवळीचे नाते आपण सांगितले, पण ‘निग्रो’ आपल्या लेखनात पुढेही दीर्घकाळ तसाच राहिला. मराठीत त्यात द्वेष नव्हता. तो ज्यांच्यासाठी होता ते लोक पुढे गेल्याची दखल मात्र आपण घेतली नाही.

मग योग्य शब्द कोणता, हे ठरवायचे कोणी? ज्याचे नाव आहे त्याने. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात कायद्यात ‘हरिजन’ शब्द घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने विरोध करून सभात्याग केला. शब्द देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांना तो चिकटवायचा त्यांचे न ऐकता तो मंजूर होणे, हाच अन्याय होता.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. नाव बदलून पोट भरत नाही, हा पहिला. तो खराच आहे. 1952 नंतरही सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली पोलिसांची नजर याच वस्त्यांवर राहिली. पण इथे छळाची सुरुवातच नावापासून झाली होती. नाव जमातीचे निघाले की हजेरी लागत असे. दुसरा आक्षेप जुन्या साहित्याचा. फुल्यांचा शब्द कोणी पुसायला सांगत नाही. तो त्या काळाचा पुरावा आहे आणि जसाच्या तसा छापला पाहिजे. प्रश्न आज आपण काय लिहितो याचा आहे. तिसरा आक्षेप असा, की उचल्या जमातीत जन्मलेले लेखक लक्ष्मण गायकवाड आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ म्हणतात, मग इतरांनी म्हटले तर काय बिघडले? गायकवाडांनी समाजाने फेकलेला शब्द समाजाच्याच तोंडावर धरला, तो आपल्या जगण्याची साक्ष म्हणून. तीच साक्ष दुसऱ्याच्या तोंडी आरोप होते.

2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या सरकार बदलेल; वाक्ये लिहिणाऱ्यांनाच बदलावी लागतील. मराठीतल्या लेखकांना, वार्ताहरांना आणि शिक्षकांना आमची विनंती आहे: चोराला चोर म्हणा, फसवणाऱ्याला फसवणारा म्हणा, पण त्यासाठी कोणा जमातीचे नाव वापरू नका. या अंकापासून आम्ही हा नियम पाळत आहोत. त्यात कुठे चूक दिसली तर वाचकांनी हक्काने कळवावी.