घ्या खुशाल, नाव मात्र खोडू नका

बियाणे कुणा एकाच्या मालकीचे नसते, हे आरमोरीच्या बाजारात धान घेऊन आलेला कोणीही शेतकरी सांगेल, आणि ते खरेच आहे. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, सोयऱ्याच्या कोठीतून आपल्या कोठीत, असेच धान पिढ्यानपिढ्या फिरत आले. संगणकाचा प्रोग्रामही कुणा एकाच्या डोक्यातून निघत नाही, हे बुद्धिबळाची इंजिने लिहिणारे सांगतात. तेही खरे. पण या दोन खऱ्या गोष्टींच्या आडोशाला एक खोटी गोष्ट उभी केली जाते: ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगायची मग गरजच काय? मला खोडून काढायची आहे ती ही तिसरी गोष्ट.

आधी धानाचे. आरमोरीहून वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, पुढे नागभीड, आणि नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहानसे गाव. मराठवाड्यातले नव्हे, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, ठेवण निराळी. त्यांनी त्या काढून पिशवीत जपल्या. पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध वेगळ्या लावल्या आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काट्या घातल्या. मग पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

ज्याने रोवणी केली आहे त्याला हे काम म्हणजे काय ते कळेल. निवडलेल्या धानाचे पऱ्हे वेगळे टाकायचे. रोवताना एकेक रोप सुटे लावायचे. धान निसवले की चिखलात उतरून उंची पाहायची, लोंबीची ठेवण पाहायची, तुसाचा रंग पाहायचा आणि वेगळे रोप दिसले की मुळासकट उपटायचे. कापणी वेगळी करायची. खळ्यावर आदल्या धानाचे दाणे राहिलेले असतात, म्हणून चुरणाही वेगळा. धान हे स्वपरागी पीक, त्यामुळे वेगळे निघालेले रोप काही पिढ्यांनी स्थिर होते. पण धानाची एक पिढी म्हणजे माणसाचा एक पावसाळा. दादाजींचे असे किती पावसाळे त्या मूठभर दाण्यांवर गेले, आणि दीड एकरवाल्या घरात हे किती जोखमीचे असते, ते आमच्या भागात समजावून सांगावे लागत नाही.

त्यातून निघालेला तांदूळ बारीक, चवीला चांगला, भरडाईत उतारा देणारा. १९९० मध्ये तो तळोधीच्या बाजारात गेला. त्या काळी मनगटावर एचएमटीचे घड्याळ म्हणजे प्रतिष्ठा होती, म्हणून व्यापाऱ्याने धानाला तेच नाव दिले. आज दुकानात पाटी दिसते ती हीच. १९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. त्यात दादाजींचे नाव नव्हते.

विद्यापीठाच्या बाजूने पहिला युक्तिवाद आला तो असा: मूळ एचएमटीत भेसळ होती, आम्ही निवड पद्धतीने ती काढून वाण शुद्ध केले. म्हणजे हे नवे काम झाले. मी हा युक्तिवाद फेटाळत नाही. शुद्धीकरण हे खरे काम आहे. ओळी लावणे, नोंदी ठेवणे, ठिकठिकाणी चाचण्या घेणे यात शास्त्रज्ञांचाही घाम गेला असणार. पण शुद्ध करायला आधी काहीतरी हाती लागते. आणि हेच माप उलटे लावून पाहा. उद्या नागभीडच्या एखाद्या शेतकऱ्याने विद्यापीठाच्या पिशवीतले धान लावले, त्यातली वेगळी रोपे उपटून टाकली आणि उरलेले स्वतःच्या नावाने विकायला काढले, तर विद्यापीठ त्याला नवे काम म्हणेल काय? नाही म्हणणार, आणि ते बरोबरच असेल. मग विद्यापीठाला वेगळे माप कशासाठी?

दुसरा युक्तिवाद, वाणाच्या नावात ‘एचएमटी’ ठेवलेच आहे की. ते घड्याळाचे नाव आहे. पावसाळ्यामागून पावसाळे चिखलात उभा राहिलेला माणूस त्यात कुठेच नाही.

तिसरा युक्तिवाद कायद्याचा. १९९४ मध्ये किंवा १९९८ मध्ये शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच नव्हता. हे खरे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्या कायद्याने शेतकऱ्यालाही वाणनिर्माता मानले आणि नोंदणी मागणाऱ्याने वाण कशापासून तयार झाले ते सांगावे, असा दंडक घातला. पण प्रसिद्धीच्या कागदावर ‘मूळ बियाणे: दादाजी खोब्रागडे, नांदेड’ एवढे लिहायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची होती? कायदा शिक्षा देतो. कबुली देण्यापासून त्याने कुणाला अडवले नव्हते.

आता बुद्धिबळाकडे वळतो, कारण अशाच तऱ्हेचे युक्तिवाद तिथेही झाले, आणि तिथे ते पुराव्यानिशी तपासले गेले.

बुद्धिबळाच्या इंजिनात मुख्य कामे दोन. पुढच्या चालींचा शोध घेणे, आणि समोर आलेल्या स्थितीचे मोल ठरवणे. शोधाच्या मूळ पद्धती, उदाहरणार्थ अल्फा-बीटा छाटणी, कित्येक दशकांपासून सर्वांच्या आहेत. त्यांवर कुणी हक्क सांगत नाही आणि सांगूही नये. फ्रान्सच्या फाबियाँ लेतूझे यांनी फ्रूट नावाचे इंजिन लिहिले. २००५ च्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत ते दुसरे आले. फ्रूट २.१ त्यांनी जीपीएल परवान्याखाली मोकळे केले: वाचा, बदला, विकासुद्धा, पण पुढे देताना मूळ संहिता आणि हेच स्वातंत्र्य पुढच्याला द्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वासिक राइलिच यांचे रिब्का आले आणि सगळ्यांच्या पुढे गेले. फ्रूटची संहिता आपण उलटसुलट वाचली आणि त्यातून बरेच घेतले, हे राइलिच यांनी मुलाखतीत सांगितले होते. स्पर्धेत मात्र रिब्का स्वतःची निर्मिती म्हणून उतरत राहिले.

रिब्काची संहिता बंद होती. तरी जाणकारांनी चालता प्रोग्राम उलगडून त्यातून ती वाचली. सापडले ते मोठे बोलके होते. वेळेचा हिशोब रिब्का पूर्णांकांत करते, पण एका ठिकाणी तुलना अचानक दशांश शून्याशी, ०.० शी. पूर्णांकाला तिथे त्या दशांशाचे काहीच काम नाही. फ्रूटमध्ये नेमकी ती तुलना दशांशातच होती, कारण फ्रूट ती वेळ दशांशात मोजत असे. शिवाय त्याआधीच्या रिब्कात रॉबर्ट हायट यांच्या क्राफ्टी इंजिनाचे तुकडे निघाले. जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संगणक खेळ संघटनेने, म्हणजे आयसीजीएने, २००७ ते २०१० ची चारही विजेतेपदे काढून घेतली आणि राइलिच यांच्यावर आजन्म बंदी घातली.

राइलिच यांच्या पाठीराख्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. कल्पना घेणे म्हणजे चोरी नव्हे, रिब्काची ताकद फ्रूटपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि आजन्म बंदी ही अती झाली. पहिले दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. तिसराही मान्य आहे: फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नीतिसमितीने २०१५ मध्ये त्या बंदीच्या प्रक्रियेला दोष दिलाच. पण या तिन्ही मुद्द्यांनी मूळ प्रश्नाला हातही लागत नाही. स्पर्धेचा नियम काय होता ते पाहा. प्रोग्राम उतरवणाऱ्यांचा स्वतःचा असावा. आणि त्यात दुसऱ्याची संहिता असेल, किंवा तो दुसऱ्याच्या संहितेवरून केलेला असेल, तर त्या सर्वांची नावे प्रवेश अर्जात द्यावीत. घेऊ नका असे नियम म्हणतच नव्हता. घेतले असेल तर सांगा, एवढेच म्हणत होता. अर्जातल्या दोन ओळींनी वाचले असते ते नाव आणि ती विजेतेपदे, आणि ताकदीतला एक गुणही कमी झाला नसता.

दहा वर्षांनी तेच पुन्हा घडले. जर्मनीच्या चेसबेस कंपनीने २०२१ मध्ये फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन नवे म्हणून विक्रीला काढले. आत स्टॉकफिश हे मोकळे इंजिन होते. मुख्यतः मोल ठरवणारे न्यूरल जाळे तेवढे बदललेले. स्टॉकफिशच्या मंडळींनी जुलै २०२१ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता झाला. चेसबेसने वर्षभर स्टॉकफिश असलेली उत्पादने विकायची नाहीत आणि मुक्त परवाने पाळले जातात की नाही हे पाहायला माणूस नेमायचा, असे ठरले. विकण्याला हरकत कधीच नव्हती. जीपीएल विकू देते. हरकत होती ती, हे कुठून आले आणि गिऱ्हाइकाला कोणते हक्क आहेत, ते झाकण्याला.

कुणी म्हणेल, स्टॉकफिश तरी कुठे स्वयंभू आहे? बरोबर. ते नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंगवरून २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी सुरू केले. त्याची २०२० मधली मोठी झेप जपानी शोगी खेळाच्या इंजिनांमधून आली. यू नासू यांनी शोगीसाठी काढलेली पद्धत हिसायोरी नोदा यांनी बुद्धिबळात आणली. हे मला कसे कळले? स्टॉकफिशने स्वतः लिहून ठेवले म्हणून. त्याच्या संहितेबरोबर लेखकांची यादी फिरते, पहिल्यापासून आतापर्यंतची. आणि एवढे उसने घेतल्याचे कबूल करूनही ते जगातल्या सर्वांत बलाढ्य इंजिनांपैकी एक आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीने तिचे ते डाव आज मोबाइलवर तपासायला टाकले, तर तपासणारे बहुधा स्टॉकफिशच असेल, तेही फुकट. नाव सांगितल्याने काम लहान होते, या भीतीला यापेक्षा मोठे उत्तर मला देता येत नाही.

हाच नियम दादाजींनाही लागू होतो, आणि तो त्यांच्या कहाणीत पाळलेला आहे. ती कहाणी सुरूच पटेल-३ च्या बांधीतून होते. पटेल-३ वर जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांचे श्रम. त्यावर दादाजींचे. त्यावर सिंदेवाहीच्या शास्त्रज्ञांचे. यातला एकही माणूस दुसऱ्याला खोटा ठरवत नाही. मधला एक गाळला की मात्र बाकीच्यांची कहाणी खोटी होते.

या वादात एक दुसरी बाजूही आहे, आणि ती सहानुभूतीच्या आवाजात बोलते म्हणून जास्त फसवी आहे. दादाजींनी पेटंट घ्यायला हवे होते, बियाणे कुणाला द्यायलाच नको होते, असे ती म्हणते. एक तर भारताच्या पेटंट कायद्यात, कलम ३(जे) प्रमाणे, वनस्पती आणि बियाण्यावर पेटंट मिळत नाही. आणि मिळाले असते तरी ते आपल्या हिताचे नव्हते. पटेल-३ कुलुपात असते तर दादाजींच्या बांधीत आलेच नसते. २००१ च्या कायद्यातले कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क देते; तो हक्क या धानपट्ट्याचा प्राण आहे. दादाजींनी बियाणे दिले यात त्यांची चूक नव्हती. देणाऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी घेणाऱ्याला जाब विचारायला हवा.

आणि जाब विचारला जात नाही, यामागे कारण आहे. लेतूझे यांच्या बाजूने त्यांच्याच तोडीचे प्रोग्रामर उभे राहिले, रात्र रात्र बसून त्यांनी संहिता उलगडली. तिसरी शिकलेल्या दलित शेतकऱ्याचे काम हे काम आहे, हेच अनेकांना पटायला वेळ लागला. पदवीवाल्याने रोप निवडले तर शास्त्र, आणि बिनपदवीवाल्याच्या हाती तेच रोप लागले तर नशीब, असा भेद आपल्या मनात खोल बसला आहे. हे नशीब असते तर ते एकदाच फळले असते. दादाजींनी एचएमटीनंतर नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके अशी आणखी वाणे काढली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला, २०१० मध्ये फोर्ब्सने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीत त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांच्या घरची ओढाताण संपलेली नव्हती. पैशाचा हिशोब वेगळा आणि तोही व्हायला हवा. पण नावाचा हिशोब चुकता करायला एक रुपयाही लागत नव्हता.

तो अजूनही लागत नाही. पीकेव्ही एचएमटीच्या बियाण्याच्या प्रत्येक पिशवीला खुणचिठ्ठी असते. तीवर जात, गट क्रमांक, उगवणशक्ती छापतात. तिथेच आणखी एक ओळ छापावी: मूळ वाण एचएमटी, निवड दादाजी खोब्रागडे, नांदेड, तालुका नागभीड, त्याचे मूळ पटेल-३. विद्यापीठाच्या वाणांच्या पुस्तिकेत आणि सिंदेवाही केंद्राच्या फलकावरही तीच ओळ यावी. हे काम विद्यापीठाचे आहे, आणि पुढच्या रोवणीच्या आधी ते होऊ शकते.