वर्तणूक उत्तम
(पोल पोट याच्या पूर्वायुष्याविषयीं कांहीं विचार)

एखाद्या क्रूरकर्म्याचें चरित्र हातीं घेतलें म्हणजे आपण प्रथम त्याचें बाळपण चाळून पाहतों. तेथें बापाचा मार असावा, घरीं अठराविश्वे दारिद्र्य असावें, निदान एखादें मुकें जनावर छळलेलें असावें, अशी आपली अपेक्षा असते. तसें कांहीं सांपडलें म्हणजे हायसें वाटतें. कारण मग आपला व आपल्या वर्गांतील मुलांचा त्याच्याशीं कांहीं संबंध उरत नाहीं.

कंबोडियाचा हुकूमशहा पोल पोट याच्या बाबतींत हें समाधान मिळत नाहीं. १९७५ च्या एप्रिलपासून १९७९ च्या जानेवारीपर्यंत त्याच्या राजवटींत उपासमार, रोग, अतिश्रम व कत्तल यांनीं १५ ते २० लक्ष माणसें मेलीं. आणि देशाची एकंदर वस्ती होती ८० लक्षांच्या आंत!

त्याचें मूळचें नांव सलोथ सार. १९२५ च्या सुमारास प्रेक स्बाव या नदीकांठच्या गांवीं एका खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरीं तो जन्मला. घराण्यांतील एक स्त्री राजा मोनिवोंग याच्या अंतःपुरांत होती, वडील भाऊ राजवाड्यांत नोकरीस होता. दारिद्र्याचा मुद्दा येथेंच संपतो. (१९७६ सालीं मात्र हेच गृहस्थ रबराच्या मळ्यांतील कामगारांचे प्रतिनिधि म्हणून जगापुढें आले!) लहानपणींच त्याला राजधानी नॉम पेन्ह येथें आणून एका बौद्ध विहारांत ठेवण्यांत आलें व त्यानंतर कांहीं वर्षें तो एकोल मिश या कॅथलिक मिशनरी शाळेंत शिकला. आमच्यासारख्या मिशन शाळेच्या शिक्षकांनीं हें वाक्य घाईनें वाचून पुढें जाऊं नये.

अभ्यासांत त्याची गति बेताचीच. वरच्या विद्यालयांत जागा न मिळाल्यामुळें तो तंत्रशाळेंत सुतारकाम शिकूं लागला. १९४९ सालीं शिष्यवृत्ति मिळून पॅरिसला रेडिओविद्या शिकावयास गेला, तेथें परीक्षांत नापास झाला, शिष्यवृत्ति गेली, व १९५३ च्या जानेवारींत तो रिकाम्या हातीं परतला. कित्येकांचें म्हणणें असें कीं, या अपयशानेंच त्याला बिघडविलें. मला हें पटत नाहीं. नापास झालेलीं मुलें प्रत्येक गांवांत आहेत. तीं दुकानें चालवितात, शेती करतात, संसार करतात. पॅरिसमध्यें त्यानें गमावलें त्यापेक्षां जें मिळविलें तें अधिक घातक होतें. तेथील कम्युनिस्ट अभ्यासमंडळांत त्याला असा सिद्धान्त सांपडला कीं, ज्यांत सर्व प्रश्नांचीं उत्तरें आधींच तयार होतीं. आणि अशा सिद्धान्तास विरोध करणारा मनुष्य चुकलेला नसतो, शत्रु असतो.

परत आल्यावर त्यानें कोणता धंदा पत्करला? आमचाच. नॉम पेन्ह येथील एका खाजगी शाळेंत तो इतिहास व फ्रेंच वाङ्मय शिकवीत असे. आवाज मृदु, चेहरा सदा हंसतमुख, पोषाख नीटनेटका. विद्यार्थ्यांचा तो आवडता होता, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. प्रगतिपत्रकावर ‘वर्तणूक उत्तम’ असा शेरा आम्ही ज्या गुणांसाठीं मारतों, ते सर्व त्याच्यापाशीं होते. मला वाटतें, आमचा शेराच अपुरा आहे. मुलगा उलट बोलत नाहीं एवढें आम्ही पाहतों. दुसऱ्यानें उलट बोललेलें त्याला सोसतें कीं नाहीं, हें पाहण्याची तसदी आम्ही घेत नाहीं.

शाळा सुटल्यावर या मास्तरांचें गुप्त पक्षकार्य चाले. १९६२ सालीं पक्षाचा चिटणीस तू सामुथ एकाएकीं नाहींसा झाला. पुढच्याच वर्षीं त्या जागीं सार आला व जंगलांत निघून गेला. तेवढ्यावर तो राजधानीपर्यंत पोंचला नसता, हेंहि खरें. १९७० च्या मार्चमध्यें लोन नोल यानें राजपुत्र सिहानूक यास पदच्युत केलें, सिहानूकनें कालच्या शत्रूंशीं हातमिळवणी केली, आणि त्याच्या नांवावर खेडुत जंगलाकडे धांवले. त्यांत अमेरिकन विमानें १९७३ च्या ऑगस्टपर्यंत खेड्यांवर बाँब टाकीत होतीं. या पापांतील वाटेकरी पुष्कळ आहेत. परंतु १७ एप्रिल १९७५ रोजीं शहर हातीं आल्यावर २० लक्ष माणसें, रुग्णालयांतील रोग्यांसुद्धां, रस्त्यावर हांकलावीं, हें कांहीं कोणा विमानानें शिकविलें नव्हतें.

राज्य करणाऱ्याचें नांव लोकांस ठाऊक नव्हतें. सर्व हुकूम ‘आंगकार’ म्हणजे ‘संघटना’ हिच्या नांवें सुटत. राजवाड्यांतील नोकरी गेलेला तो वडील भाऊ इतरांप्रमाणेंच खेड्यांत राबत होता. १९७८ सालीं सार्वजनिक भोजनशाळेंत पोल पोटची तसबीर लागली, तेव्हां हा आपलाच धाकटा भाऊ, हें त्याला प्रथम कळलें.

राजधानींतील तुओल स्लेंग हा तुरुंग पूर्वी हायस्कूल होता. वर्गांत विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या होत्या. तेथें किमान १४ हजार माणसें आणलीं गेलीं. जिवंत सुटलेलीं बोटांवर मोजण्याइतकीं. तुरुंगाचा प्रमुख दुख हा पूर्वीचा गणिताचा शिक्षक, आणि पहारेकरी बहुतेक खेड्यांतील पोरें, कित्येक आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्याच वयाचीं. सांगितलेलें काम तीं बिनतक्रार करीत.