ही गोळी गर्भपाताची नव्हे



‘७२ तासांची गोळी म्हणजे घरबसल्या गर्भपात’ हे आपल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान चुकीचे आहे. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. गर्भ राहिलेला असेल, तर ती त्याला काहीही करत नाही. गर्भपाताची औषधे वेगळी, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. ही गोळी मात्र २००५ पासून चिठ्ठीविना मिळते, गावोगावी आशाताईंकडेही असते.

ओझरच्या आरोग्य केंद्रात मी अनेक वर्षे परिचारिका होते. लाजेपायी दोन दिवस घालवून तिसऱ्या दिवशी आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या आठवल्या की अजून जीव तुटतो, कारण जितका उशीर, तितका गुण कमी. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते. टीबीचे रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे; पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी अधिक खात्रीची. पाळी आठवडाभर लांबली, तर लघवीची तपासणी करावी.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले ते १९२१ मध्ये. शंभर वर्षांनंतरही आपण मुलींना घाबरवतच राहायचे का?

– एक निवृत्त परिचारिका, ओझर (जि. नाशिक)