तासाचा भाव आणि जन्माची ओळ

इंदापूरहून बारामतीला तासिका तत्त्वावर शिकवायला येणारे इंग्रजीचे आमचे एक सहकारी दुपारनंतर स्टाफरूममध्ये क्वचितच दिसतात. तास संपले की ते एस.टी. गाठतात, कारण रात्री त्यांचे दुसरे महाविद्यालय भरते. घरातल्या एका खोलीत, भिंतीला टेकवलेल्या मोबाइलसमोर बसून ते आखाती देशांतल्या नोकरदारांना इंग्रजी संभाषण शिकवतात. वीज गेली की तास बुडतो, आणि त्यांचे 'रेटिंग'ही घसरते. अर्ज करताना त्यांच्या पदवीआधी त्यांना पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारले गेले आणि त्या उत्तरावर दर ठरला, हे त्यांनी आम्हांला हसत हसत सांगितले. आम्हांला मात्र हसू आले नाही.

हा एकट्याचा अनुभव नव्हे. 2013 मध्ये चीनमध्ये सुरू झालेली 'व्हीआयपीकिड' ही कंपनी उत्तर अमेरिकेतील शिक्षकांना तासाला 14 ते 22 डॉलर देण्याची जाहिरात करीत असे. त्याच बाजारात फिलिपिनी शिक्षकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या 'फिफ्टीवन टॉक'चे दर याच्या कितीतरी खाली होते. मुले चिनीच आणि भाषाही तीच. फरक फक्त शिक्षकाच्या जन्मस्थानाचा. (जुलै 2021 मध्ये चीन सरकारने परदेशात बसून शिकवणाऱ्यांवर बंदी आणली, तेव्हा वरच्या दराचेही रातोरात बेकार झाले, हे ओघाने आलेच.) जन्मजात भाषक हाच उत्तम शिक्षक, ही समजूत भ्रामक असल्याचे रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्येच मांडले होते. बाजाराला ती भ्रामक असून चालते, कारण तिच्यामुळे मजुरी स्वस्त पडते.

आम्हां मराठीच्या माणसांना येथे त्रिं. ना. आत्रे यांचा 1915 मधला 'गावगाडा' आठवल्यावाचून राहत नाही. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत आणि खळ्यावर ओळीप्रमाणे धान्य मिळे. कुणब्याला काम किती गरजेचे यावरून ओळ ठरे, पण ते काम कोणी करायचे हे जन्मावरून ठरलेले असे. नव्या खळ्यावर कामही सर्वांचे एकच आहे, तरी ओळी आहेतच. या बाबतीत जुना गाडा निदान हिशेबाला अधिक सरळ होता, असे म्हणण्याची पाळी यावी, हे विचित्रच.

परदेशी कंपन्यांवर लिहिणे आम्हांला सोपे जाते. अवघड भाग आमच्या स्टाफरूममध्ये आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते. त्याच वर्गात, तोच पेपर, बहुधा तीच नेट वा सेट घेऊन शिकवणाऱ्या तासिकावाल्याला घड्याळी तासाचे पैसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला 1500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये सुचवले. राज्याने 2023 मध्ये वाढवलेला दरही त्याखालीच राहिला. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. जे मिळतात ते महिनोन् महिने थकतात. आमच्या चाळिशीतल्या पिढीपैकी ज्यांची वेळेवर जागा निघाली ते थोरल्या ओळीत बसले. गुणवत्तेपेक्षा जाहिरातीचे वर्ष अधिक कामी आले, हे आम्ही एकमेकांतही उघड बोलत नाही.

आणि भाषेचे काय? भिगवण-पळसदेवकडचा विद्यार्थी तोंडी परीक्षेत 'आनि', 'पानी' म्हणाला की आमच्या कपाळावर आठी पडते, गुणही कमी होतात. मजकूर बरोबर असतो, पण आम्ही पत्ता तपासतो. पासपोर्ट विचारणाऱ्या त्या कंपनीला आम्ही कोणत्या तोंडाने नावे ठेवावीत?

महिनाअखेरीस आमच्या सहकाऱ्यांचे देयक सहीसाठी आमच्या टेबलावर येते. तारीख, वर्ग, वेळ, तासिका असे रकाने असतात. परवा त्यांनी अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून ठेवला होता आणि त्याची नोंद कुठे करायची असे विचारले. देयकात तसा रकाना नव्हता. आम्ही सही केली, आणि ते साडेबाराची गाडी पकडायला निघाले.