बियाण्याला नाव, कापूस बेनाव

बाजारहाट

मृगाच्या तोंडावर घाटंजीतल्या कोणत्याही कृषी केंद्रासमोर घटकाभर उभं राहावं. येणारा शेतकरी 'कपाशीचं चांगलं बियाणं द्या' असं म्हणत नाही. तो थेट कंपनीचं नाव घेतो, पुढे वाणाचा आकडा सांगतो. दुकानदार म्हणतो, ते संपलं, हे न्या, ह्यातही तेच आहे. शेतकरी जागचा हलत नाही. मग लिंकिंग सुरू होतं. हव्या त्या दोन बॅगा पाहिजे असतील तर सोबत न खपणारं खत घ्या, टॉनिकची बाटली घ्या. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात एका ठरावीक वाणासाठी लोक भर उन्हात रांगा लावून उभे होते. आपल्या तालुक्यालाही हे चित्र नवीन नाही.

दुकानदाराचं म्हणणं बरंचसं खरं असतं. बाजारातल्या बहुतेक बीटी बियाण्यांत बोंडअळीविरुद्धचं तंत्र एकच आहे, बीजी-2 म्हणजे बोलगार्ड-2. भावही एकच. 2015 च्या आदेशापासून पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. 475 ग्रॅमच्या पाकिटाला 2025 च्या हंगामात 901 रुपये. वाणावाणांत फरक आहेच. कुणाचं बोंड मोठं, कुणाचा कापूस वेचायला सोपा, कुणी हलक्या जमिनीत तग धरतो. पण तंत्र सारखं आणि भावही सारखा, अशा बाजारात स्पर्धा उरते ती नावाची.

हे नाव तयार कसं होतं, ते समजून घेतलं पाहिजे. साबण महिन्याभरात कळतो, पटला नाही तर बदलता येतो. बियाण्याची परीक्षा सहा महिन्यांनी, तीही वर्षातून एकदाच, आणि चुकलं तर वर्ष गेलं. म्हणून शेतकरी शेजारच्या शेतात पाहतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. गावातल्या भारी, ओलिताच्या जमिनीतलं बोंडांनी लदबदलेलं शेत निवडायचं, तिथे पीक पाहणीचा कार्यक्रम ठेवायचा, त्याच शेतकऱ्याचा फोटो फ्लेक्सवर लावायचा. पीक पाऊस आणि जमिनीच्या जोरावर आलेलं असलं तरी श्रेय पाकिटाला जातं. पुढच्या वर्षी अख्खं गाव तेच मागतं. बीजोत्पादन आदल्या हंगामातच झालेलं असल्यामुळे वाढलेली मागणी पुरी होत नाही. टंचाई पडते आणि टंचाईनं नाव आणखी मोठं होतं. ह्यात शेतकऱ्याला भोळा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. कोणत्या जमिनीत कोणता वाण किती झडला, ह्याचे तालुकावार, निःपक्ष आकडे पेरणीआधी त्याच्या हातात पडत असते तर तो फ्लेक्सवर विसंबला नसता.

जाहिरातीचा जोर कुठवर जातो, हे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजानं देशाला दाखवलं. बीटी कपाशीनं भांबराजा आणि अंतरगाव ह्या गावांचं सोनं केलं, तिथे आत्महत्या झाल्या नाहीत, असा मजकूर 2008 मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाच्या नागपूर आवृत्तीत बातमी म्हणून आला. ऑगस्ट 2011 मध्ये तोच मजकूर महिको-मोन्सँटो ह्या बियाणं कंपनीची पानभर जाहिरात म्हणून परत छापला गेला. मार्च 2012 मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजात आली, तेव्हा गावकऱ्यांनी गावातल्या आत्महत्यांचाच पाढा वाचला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं त्याच वर्षी 'द हिंदू'त मांडलं. ज्यांच्या घरात माणूस गेला होता, त्यांच्या गावाचं नाव त्यांना न विचारता बियाणं विकायला वापरलं गेलं. ह्याचा मला आजही संताप येतो.

बियाण्याचं हे नाव ओसरायलाही फार दिवस लागले नाहीत. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीजी-2 असलेली कपाशीही पोखरली. बोंड वरून साबूत दिसे, फोडलं की आत कवडी. बोलगार्डच्या नावावरचा विश्वास उडाला, आणि त्या पोकळीत शिरलं चोर बीटी, म्हणजे मंजुरी नसलेलं बियाणं. त्याच्या पाकिटामागे उभी राहणारी कंपनी नाही, पक्कं बिल नाही. तणनाशक मारता येतं आणि निंदणाची मजुरी वाचते, एवढ्या एका बोलबाल्यावर ते खपतं. उगवलं नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला जास्त खुपते. आपला शेतकरी बियाणं, खत, औषध सगळं नाव बघून घेतो. विकायला काढतो तेव्हा त्याच्या मालाला नावच नसतं. गाडी जिनिंगवर लागते. व्यापारी आत हात घालून मधला पुंजका काढतो, दोन बोटांत धागा ताणून पाहतो, ओल चाचपतो, भाव बोलतो. काटा होतो आणि पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस कुणाच्यातरी फरदडीच्या ढिगावर रिकामा होतो. तिथून पुढे तो फक्त गाठ.

पूर्वी असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात उमरावती (अमरावती) आणि हिंगणघाट ह्या नावांनी कापूस विकला जाई, हिंगणघाटला तर खास मान होता. तो मान भेसळीनं घालवला. हलका कापूस आणि माती मिसळलेला माल इतका जाऊ लागला की 1863 मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. मुंबईहून जाणाऱ्या कापसाला लँकेशायरमध्ये सरसकट 'सुरत' म्हणत. तो शब्द तिथे इतका बदनाम झाला की आपल्याला 'सुरत' म्हटलं म्हणून एका बिअरवाल्यानं बदनामीचा दावा लावला होता.

केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2020 मध्ये भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नाव दिलं. जिनिंगमध्ये गाठीची तपासणी होते, गाठीवर क्यूआर कोड लागतो, माल कुठून आला ते खरेदीदाराला कळतं. कल्पना चांगली आहे. पण त्या नावाचा जादा पैसा जिनिंगच्या फाटकाशी थांबला तर आपल्या तालुक्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणून घाटंजी आणि पारव्याच्या शेतकरी गटांनी ह्याच हंगामात एखाद्या जिनिंगशी बोलणी करावीत. पहिल्या दोन वेच्यांचा कापूस वेगळा ठेवायचा, प्लास्टिकच्या पोत्यांऐवजी सुती कापडात वेचायचा, ओला आणायचा नाही. जिनिंगनं त्याचा वेगळा ढीग घालायचा आणि गाठींना मिळालेला जादा भाव शेतकऱ्याच्या पावतीवर लिहायचा. वेचणाऱ्या बायांना ह्या निवडक कामाची मजुरी किलोमागे वाढवून द्यावी लागेल, तेही हिशोबात धरलं पाहिजे. शेतकऱ्याच्या वाट्याचं शेतकरी करेल. पावतीचं काय, ते जिनिंगवाल्यांनी पहिल्या वेच्याच्या सीतादहीआधी सांगावं.