चित्रातला तारपा ऐकू का येत नाही?

वारली चित्र आता मराठी घरात कुठेही भेटतं. चहाच्या कपावर, लग्नपत्रिकेवर, साडीच्या पदरावर, शाळेच्या कुंपणभिंतीवर. त्यांतल्या कितीतरी चित्रांत गोल फिरत जाणारा एक नाच असतो आणि त्या फेऱ्याच्या आत लांबलचक वाद्य फुंकणारा एक माणूस असतो. तो तारपकरी. तो वळेल तशी नाचणाऱ्यांची रांग वळते; त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. सगळं चित्र त्याच्या फुंकरीवर उभं आहे म्हटलं तरी चालेल. आणि तरीही ज्यांच्या दिवाणखान्यात हे चित्र टांगलेलं आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तारपा कधी लक्ष देऊन ऐकला असेल. आडवाटेचं संगीत, जुनी कॉमिक्स आणि जुने सिनेमे यांचा नाद असणाऱ्या माझ्यासारख्यांना तर हे अधिकच लागायला हवं. आमच्या तिन्ही नादांच्या वाटा तारप्याच्या अगदी शेजारून गेल्या आणि तिन्ही त्याला वळसा घालून पुढे निघाल्या. डहाणू-तलासरीचं हे संगीत दूर होतं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं नाही, ही समजूत मला पटत नाही. त्या मुलखातलं जे पाहण्यासारखं होतं ते आपण उचललं आणि जे ऐकण्यासारखं होतं ते तिथंच ठेवलं, असं माझं म्हणणं आहे.

अंतराची सबब आधी निकालात काढू. डहाणू रोड चर्चगेटपासून साधारण सव्वाशे किलोमीटर. एप्रिल 2013 पासून तर लोकलच तिथवर जाते. त्याच्या कितीतरी आधी तिथलं चित्र थेट युरोपात जाऊन आलं होतं. ते चित्र म्हणजे मुळात सवाशिणींनी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहायचा देवचौक. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्या चित्रकारानं तो पाड्यापाड्यावर जाऊन पाहिला आणि कागदावर आणवला. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेले, पुढे डहाणूतल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा म्हसे यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीनं त्यांचं काम मांडलं गेलं. 2011 साली पद्मश्री झाली, 2018 मध्ये ते गेले. चित्राची वाटचाल ही अशी. तारप्याला पद्मश्रीची दखल मिळाली ती 2026 साली, जव्हारजवळच्या वाळवंड्याचे नव्वदीतले वादक भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या रूपानं. एकाच संस्कृतीतल्या, एकाच अंगणातल्या दोन कलांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर पडलं.

हे अंतर का पडलं? चित्र टांगता येतं, गुंडाळून पाठवता येतं, विकता येतं, हे उघडच आहे. तारप्याचं तसं नाही. वाळवलेला दुधी भोपळा पोकळ करायचा, त्यात जिभा बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या खोचायच्या, सांधे मेणानं बुजवायचे आणि टोकाला ताडाच्या पानांचा, भोंग्यासारखा पसरत जाणारा कर्णा गुंडाळायचा. बऱ्याचदा वाजवणाराच हे सगळं करतो. त्यासाठी आधी मनासारखा भोपळा वेलावर धरावा लागतो, मग तो वाळेपर्यंत थांबावं लागतं. वाद्य पुरुषभर लांब असू शकतं आणि ते वाजवायला छातीत दम लागतो तो वेगळाच. तारपकरी गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतो, म्हणजे सूर मध्ये तुटत नाही. दोन्ही नळ्या एकत्र बोलतात, त्यामुळे नाद दाट आणि घुमणारा येतो. त्यात पुंगीची धार आहे, पण पुंगीपेक्षा तो खालून, जमिनीतून आल्यासारखा वाटतो. शेजारच्या डांगमधल्या कोकणांची पावरी याच घराण्यातली. भात पोटरीवर येऊन पिकायला लागलं की तारपा बाहेर निघायचा आणि कापणीच्या दिवसांत रात्र रात्र घुमायचा. हंगामाशी, नव्या धान्याच्या देवाशी आणि नाचणाऱ्या पायांशी बांधलेली ही कला दुकानात मांडायला अवघडच होती. एवढं मान्य. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. टेप होते, आकाशवाणी होती, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. खरी अडचण कानाची होती, आणि तो कान कशानं घडला हे पाहायला पाहिजे.

आमच्या पिढ्यांचा जंगलाचा कान घडवला तो कॉमिक्सनं. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झालं, मराठीतही येत राहिलं आणि 1990 पर्यंत चाललं. त्यातला जंगलाचा रखवालदार वेताळ मराठी पोरांच्या किती दुपारी खाऊन गेला असेल, याची गणती नाही. मला तो आजही आवडतो; ली फॉकनं रचलेली ती कवटीची गुहा, ती पिढ्यांची साखळी, सगळं कथेच्या दृष्टीनं झकास आहे. पण त्या जंगलातल्या संगीताचं काम काय, तर निरोप पोचवणं. ढोल घुमले की समजायचं, संकट आलं. ढोल वाजवणाऱ्यांना नाव नाही, चाल नाही, आवडनिवड नाही, आणि त्यांचा रखवालदार मात्र बाहेरून आलेला गोरा. मराठी वाचकाला आदिवासी वाद्य म्हणजे पार्श्वभूमीला चाललेला धोका किंवा जल्लोष, हे असं शिकवलं गेलं, तेही अशा जंगलाच्या गोष्टीतून जे नकाशावर कुठेच नव्हतं. त्याच वर्षांत गंजाडचा माणूस एकाच चित्रात सकाळ, दुपार, शिकार, लग्न आणि पाऊस एकत्र बसवत होता. चौकटी न आखता गोष्ट सांगण्याची ती रीत कॉमिक्सच्या कुठल्याही शौकिनानं डोक्यावर घ्यावी अशी. पण ती ‘लोककला’ या खणात गेली आणि वेताळ ‘आपल्या लहानपणा’च्या खणात.

सिनेमाचं प्रकरण नाजूक आहे, कारण इथे प्रेम खरं आहे आणि काम अव्वल आहे. ‘जैत रे जैत’ 1977 चा. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, शब्द ना. धों. महानोरांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. आदिवासी संगीत म्हटलं की मराठी माणसाच्या कानात आधी हीच गाणी वाजतात. पण ती कथा आहे कर्नाळ्याकडच्या ठाकरांची, आणि गाणी आहेत एका थोर संगीतकाराची. त्यात ठाकरी चालींचा गंध आहे, ती ठाकरांची गाणी नव्हेत. कुणी म्हणेल, सिनेमानं दस्तावेज व्हावं ही अपेक्षाच चुकीची. बरोबर आहे, हृदयनाथांकडून ती अपेक्षा करणं अरसिकपणाच होईल. माझी तक्रार सिनेमाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. एवढ्या सुरेल दारातून आत शिरल्यावर आपण उंबऱ्यावरच बसून राहिलो. ती ध्वनिफीत झिजेपर्यंत ऐकली, पण ज्या आवाजांवरून ती सुचली त्यांच्याकडे वळावंसं वाटलं नाही. जुन्या सिनेमाची आठवण जपताना असं होतं खरं. आठवण इतकी गोड असते की तिच्या मुळाशी जायची गरजच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो संगीताच्या जाणकारांकडूनच येतो. तारपा एकसुरी आहे. दहा मिनिटांत कंटाळा येतो. या म्हणण्यात तथ्य एवढंच की तारप्यात रागविस्तार नाही, मुखडा-अंतरा नाही, शब्द नाहीत. पण मग फिलिप ग्लासचं पुनरावृत्तीवर उभं असलेलं संगीत कौतुकानं ऐकणारे, रात्रभर एकाच ठोक्यावर डोलणारे, ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या डिजेरिडूची तबकडी मुद्दाम मागवणारे लोक याच शहरांत आहेत. त्यांना एकसुरीपणा चालतो, तो परदेशातून आलेला असला म्हणजे. शिवाय तारपा एकसुरी नाहीच. त्यात ‘चाळे’ असतात: मोराचा चाळा, बदक्या चाळा, असे कितीतरी. चाळा बदलला की पावलं बदलतात, रांगेची वळणं बदलतात, आणि हा बदल तोंडानं कुणी सांगत नाही, तो सुरातून कळतो. म्हणजे नाचणाऱ्या बायाबापड्यांचा कान इतका तयार आहे की त्या सूक्ष्म फरकावर अख्खी रांग वळते. आपल्याला तो फरक ऐकू येत नसेल तर कमी कुणाची, हे ज्यानंत्यानं ठरवावं. दहा मिनिटांच्या सांस्कृतिक कार्यक्रमात, पाहुण्यांचं स्वागत होईपर्यंत वाजणारा तारपा ऐकून मत बनवणं म्हणजे आलाप संपायच्या आत मैफलीतून उठून जाणं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. देवाशी आणि शेताशी बांधलेलं वाद्य तिथून उपटून आणलं तर त्याचंही कपावरचं चित्र होईल. ही भीती खोटी नाही. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आणि लग्न लावणारी धवलेरी मागे पडून चित्र बाजारात गेलं, त्याची नक्कल कुणीही करू लागलं, आणि भौगोलिक मानांकन मिळूनही ती थांबलेली नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. म्हशांनी विधीबाहेर, रोजच्या रोज, पुरुषानं चित्र काढणं सुरू केलं तेव्हाही परंपरा मोडलीच होती. त्या मोडण्यातून मासळीच्या जाळ्याची त्यांची अद्भुत चित्रं निघाली आणि गंजाडच्या आसपास चित्रकारांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, ज्यांना त्या कामाचे पैसे मिळतात. कला घराबाहेर पडल्यामुळे बिघडते असं सरसकट म्हणता येत नाही. ती कुणाच्या हातानं बाहेर पडते, यावर पुष्कळसं ठरतं.

आणि तारपा आधीच बाहेर पडलेला आहे, आपल्याला विचारून नव्हे. पालघरच्या आदिवासी लग्नांत आता कीबोर्ड आणि मोठे स्पीकर असतात आणि त्यांवर तारप्याच्या चाली दणक्यात वाजतात. शुद्धतावाद्यांना हे ऐकून कसंसंच होतं. मला यात उलट चांगलं लक्षण दिसतं: जी चाल नव्या यंत्रावर वाजवावीशी पोरांना वाटते, ती मेलेली नसते. भोपळ्याचा नाद कीबोर्डातून येत नाही, हे त्या पोरांनाही कळतं. पण सूर कानात राहिला तर भोपळ्याकडे परत जाता येतं. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप गटानं 2019 साली ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं, तेव्हा आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात स्वतःच्या आवाजात होते, सजावटीचा नमुना म्हणून नव्हते. आडवाटेच्या संगीताच्या शौकिनांनी मान डोलवावी ती अशा कामाला. तलासरीच्या वारल्यांनी 1945 साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला त्या इतिहासाची आठवण मराठी पुस्तकांत आहे, गोदावरी परुळेकरांनी ती लिहून ठेवली. तोच उठाव ताज्या गाण्याच्या नावात येतो आणि त्यात आदिवासी माणसाचा आवाज ऐकू येतो, ही साधी गोष्ट नाही.

आता एक व्यवहाराची मागणी. म्हशांचं चित्र म्हशांच्या नावानं ओळखलं जातं, म्हणून त्याला किंमत आली. तारप्याच्या ज्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात त्यांवर बहुधा ‘आदिवासी तारपा नृत्य’ एवढंच लिहिलेलं असतं. कोण वाजवतंय, कुठल्या पाड्यावरचा, कोणता चाळा, काही नाही. वेताळाच्या जंगलातल्या ढोलवाल्यांइतकाच तो निनावी. तेव्हा यंदा भात कापणीच्या सुमाराला डहाणू, तलासरी, जव्हारकडे गेलात आणि तारपा कानावर पडला, तर आधी परवानगी विचारा, मग पूर्ण चाळा संपेपर्यंत ध्वनिमुद्रण करा, वादकाला त्याचं मानधन द्या, आणि ते कुठेही टाकताना त्याचं नाव, पाड्याचं नाव आणि चाळ्याचं नाव लिहायला विसरू नका.