ब्राउझर कामगाराच्या आवडीचा, पण कुलूप कंपनीनेच लावायला हवं

चाकण (ता. खेड) : चाकण, महाळुंगे, तळेगाव, भोसरी पट्ट्यात कामाला जाणाऱ्या पोरांना आता गेट पास एवढा एकच पास पुरत नाही. हजेरी, रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, शिफ्टचं वेळापत्रक अशी बरीच कामं अनेक ठिकाणी मोबाईलवर आली आहेत. छोट्या पुरवठादारांकडे तर मालाची ऑर्डर आणि डिस्पॅचची नोंदही मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर होते, आणि ती सुपरवायझर स्वतःच्याच फोनवरून उघडतो.

फोन कामगाराचा, रिचार्ज कामगाराचा, ब्राउझरही त्याच्याच आवडीचा. मग त्या फोनमधून कंपनीचं लॉगिन चोरीला गेलं तर जबाबदार कोण? कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हा थेट नोकरीचा प्रश्न आहे.

नुकसान केवढं होऊ शकतं?

२०२१ च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. हल्लेखोरांनी डेटा कुलूपबंद केला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. प्रकरण निगडी पोलिसांत गेलं. तक्रारीत सुमारे ५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज होता.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं, पण धागा इथलाच. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सायबर हल्ला झाला. तिथले कारखाने महिनाभराहून जास्त बंद राहिले. ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांचं काम ठप्प झालं आणि त्यांच्या कामगारांवर घरी बसायची वेळ आली. चाकण पट्टाही अशाच पुरवठादारांवर चालतो. मोठ्या कंपनीची यंत्रणा बंद पडली की छोट्या शेडमधली मशीनही थांबते.

ब्राउझरमधून चोरी होते कशी?

लॉगिन केल्यावर ब्राउझर एक छोटी खूण साठवून ठेवतो. तिला कुकी म्हणतात. पोर्टलसाठी ती गेट पाससारखी असते. ती कोणी पळवली तर त्याला पासवर्डची गरजच उरत नाही, तो थेट आत शिरतो.

दुसरी वाट एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या जादा सोयींची. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या अमेरिकी कंपनीचा एक कर्मचारी बनावट ईमेलला फसला. चोरांनी तिच्या क्रोम एक्स्टेन्शनमध्ये घातक कोड घुसवला. हे एक्स्टेन्शन सुमारे ४ लाख लोक वापरत होते. कंपनीचा धंदाच डेटा सुरक्षेचा होता, तरी हे घडलं.

तिसरी गोष्ट गावाकडे ओळखीची. नेट कमी लागावं म्हणून काही ब्राउझर पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतात, तिथे लहान करतात आणि मग फोनवर पाठवतात. डेटा वाचतो, पण कंपनीचं पानही तिसऱ्याच्या हातून जातं. अशाच साध्या फोनवर खूप चालणाऱ्या यूसी ब्राउझरवर केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातली. बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये तो होता.

मग एकच ब्राउझर सक्तीचा करायचा का?

सोपा वाटणारा हा उपाय पुरेसा नाही. कित्येक वर्षं अनेक कार्यालयांची पोर्टल फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर चालायची. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच तो बंद केला. ब्राउझर कोणता यापेक्षा तो अपडेट आहे का, हे महत्त्वाचं.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण फोनच कंपनीच्या ताब्यात देणं. तसं अ‍ॅप टाकलं की काही वेळा कंपनीला लांबूनच सगळा फोन पुसता येतो. त्यात घरचे फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, सगळंच जाऊ शकतं. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर एवढा हक्क मागणं कामगाराला पटणार नाही.

मधला रस्ता आहे. अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' नावाचा वेगळा कप्पा करता येतो. कंपनीचं काम त्या कप्प्यात, घरचं बाहेर. नोकरी सुटली तर कंपनी तेवढाच कप्पा पुसते, बाकीच्या फोनला हात लागत नाही.

त्याशिवाय कंपनीने आपल्या बाजूने चार गोष्टी करायला हव्यात. लॉगिनला दुहेरी पडताळणी ठेवावी. जुना, अपडेट नसलेला ब्राउझर पोर्टलने आत घेऊ नये. शिफ्ट संपली की लॉगिन आपोआप बंद व्हावं. ज्याला जेवढं काम, तेवढंच त्याला दिसावं. एवढं झालं तर कामगार कोणत्या ब्राउझरने आला याने फार फरक पडत नाही.

कामगारांनी काय सांभाळावं?

- ब्राउझर प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि अपडेट टाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल टाकू नका.
- कंपनीचा पासवर्ड घरात सगळे वापरतात त्या फोनवर सेव्ह करू नका. काम झालं की लॉगआउट करा.
- ओटीपी कोणालाही सांगू नका, मग तो ठेकेदाराचा माणूस असला तरी.
- काही गडबड वाटली तर लगेच कंपनीला लेखी किंवा मेसेजने कळवा आणि त्याचा पुरावा ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा.

शेवटचा मुद्दा दोन्ही बाजूंच्या कामाचा आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना सायबर हल्ल्याची माहिती ६ तासांत द्यावी लागते. चूक कळवणाऱ्या कामगारालाच कामावरून काढलं, तर पुढचा कामगार तोंड उघडणार नाही आणि कंपनीचे ते ६ तास निघून जातील.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाची पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कामगारांचे आधार आणि बँक तपशील सांभाळण्याचा भार या कायद्याने संस्थेवर टाकला आहे. म्हणून फोनवर कंपनीचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर ते फोनमधलं काय काय बघणार आणि काय पुसणार, हे आधी लेखी विचारून घ्यावं.